बोगस मत कुठून येतं आणि खरं मत कुठे अडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला नाशिकच्या सिडकोतल्या तुमच्या केंद्रावर आजींचं नाव यादीत सापडलं नाही. शेजारचे काका गेले, तर त्यांच्या नावावर आधीच कुणी तरी मत टाकून गेलं होतं आणि ते तसेच घरी परतले. समोरच्या इमारतीतून कधीच निघून गेलेल्या भाडेकरूंची नावं मात्र यादीत शाबूत. हा मशीनचा घोटाळा समजायचा का, असे प्रकार किती असतात आणि आपण करायचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. बीएलओ म्हणून, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारी केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून, घरोघर फिरले, मतदान अधिकारी आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून शहरात, दिंडोरी-निफाडकडे आणि मालेगावात केंद्रं सांभाळली. निवृत्तीनंतर मतदान प्रतिनिधींना आणि महिला मंडळांना या कामाची माहिती देते. त्या अनुभवावरून सांगते, तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टींमध्ये मशीन कुठेच येत नाही. भाडेकरूंची नावं हा यादीचा दोष आहे. काकांचं प्रकरण तोतयेगिरीचं असू शकतं किंवा नुसत्या चुकीच्या खुणेचंही. आणि आजींचं प्रकरण मला या तिघांत सगळ्यांत गंभीर वाटतं, कारण तिथे एक खरी मतदार मतदानाबाहेर राहिली आणि त्याची कुठल्याही कागदावर नोंद झाली नाही.

मशीनचं आधी आटोपते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी पक्षांच्या मतदान प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान होतं, किमान ५० मतं टाकून व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी ताळा केला जातो, मग सगळं पुसून मशीन मोहोरबंद होतं. मतदान करताना चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. मतमोजणीला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून मशीनच्या आकड्याशी जुळवतात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. मशीनबद्दल शंका घेऊच नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण शंका असेल त्या पक्षाने सकाळच्या मॉक पोलला माणूस पाठवावा आणि संध्याकाळी नमुना १७क (17C) ची प्रत हातात घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. त्या कागदावर केंद्रात एकूण किती मतं पडली तो आकडा असतो, मतमोजणीच्या टेबलावर तोच आकडा निघाला पाहिजे. मी ज्या केंद्रांवर बसले त्यांतल्या कितीतरी ठिकाणी पहाटेच्या मॉक पोलला प्रतिनिधीच नसायचे. पंधरा मिनिटं वाट पाहायची आणि काम सुरू करायचं, असा आम्हाला नियम. दिवसभर मशीनवर बोलणारे पक्ष त्या वेळी कुठे असतात, हा प्रश्न मला आजही पडतो.

आता यादी. बोगस मतदानाचा कच्चा माल तिथे असतो. नाशिकसारख्या शहरात यादी कशी बिघडते ते पाहा. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे सिडको, पाथर्डी फाटा, श्रमिकनगर या भागांत भाडेकरू सतत बदलतात. नवा माणूस नमुना ६ भरून नाव घालतो, जाणारा माणूस मात्र काही सांगून जात नाही. धुळे-जळगावहून आलेल्या कितीतरी कुटुंबांचं नाव इथेही असतं आणि गावीही असतं, कारण ग्रामपंचायतीला भाऊबंदांसाठी मत द्यायला जायचं असतं. घरात कुणी वारलं तर दाखला काढतात, बँकेत कळवतात, पण यादीतलं नाव कमी करायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. बीएलओ शिक्षिका असते किंवा अंगणवाडी सेविका. शाळा, पोषण आहार, सर्वेक्षण सांभाळून ती हजारभर मतदारांच्या घरी जाते, त्यात निम्मी दारं बंद.

म्हणून यादीतलं प्रत्येक दुबार किंवा मयत नाव म्हणजे कट आहे असं धरू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० प्रमाणे एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असायला हवं, आणि अर्जात खोटं लिहून दुसरीकडे नाव घातलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण दुबार नाव हे मत नव्हे. ते मत तेव्हा होतं, जेव्हा कुणी तरी दोन्हीकडे जाऊन बटण दाबतं, किंवा गेलेल्या माणसाच्या जागी तिसराच उभा राहतो. हे काम एकट्या-दुकट्याला जमत नाही. कोणत्या घराला कुलूप आहे, कोण पुण्याला गेलं, कोण वारलं हे जाणणारा स्थानिक माणूस लागतो, आणि केंद्रात समोरच्या पक्षाचा प्रतिनिधी झोपलेला किंवा गैरहजर लागतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की फुगलेली यादी धोकादायक ठरते. याच कारणाने राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे टाकून, तुम्ही नक्की कुठे मत देणार असं मतदाराला विचारायची पद्धत आणली.

केंद्रातही अशा नावांवर पहारा ठेवायची सोय आहे. बीएलओने शोधलेल्या अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते, आम्ही तिला एएसडी यादी म्हणतो. तिच्यातलं कुणी आलं तर कागदपत्रं जास्त बारकाईने पाहायची. पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्याने वाचतो ते प्रतिनिधींनी ऐकावं म्हणूनच. समोरचा माणूस तो नव्हे असं प्रतिनिधीला वाटलं, तर दोन रुपये भरून तो आक्षेप घेऊ शकतो. हो, आजही दोनच रुपये. मग केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथे चौकशी करावीच लागते: वडिलांचं नाव, घर कुठलं, घरात आणखी कोण. तोतया असेल तर त्याला लेखी तक्रारीसह पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७४ खाली त्यालाही एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. माझ्या अनुभवात तोतया बहुधा तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो. पण प्रश्न विचारायला लावणारा प्रतिनिधी त्या वस्तीतला हवा. बाहेरून आणून बसवलेल्या पोराला कोण पवार आणि कोण अहिरे, काय कळणार?

चेहरा झाकलेल्या बायकांवरून नेहमी आरडाओरडा होतो, त्यावर एवढंच सांगते. ओळख पटवायला स्त्री कर्मचारी असते, आडोशाला चेहरा पाहिला जातो आणि काम पुढे जातं. मालेगावात मी हे कुठलीही कुरबूर न होता होताना पाहिलं आहे.

आता काका. त्यांच्या बाबतीत मला दोन शक्यता दिसतात. कुणी तरी खरंच त्यांच्या नावावर मत टाकलं, किंवा नावात साम्य असलेल्या दुसऱ्या मतदाराच्या वेळी अधिकाऱ्याने चुकून काकांच्या अनुक्रमांकावर खूण केली. नमुना १७अ च्या नोंदवहीत प्रत्येक मतदाराची सही किंवा अंगठा असतो आणि त्याने कोणतं ओळखपत्र दाखवलं तेही लिहिलेलं असतं, त्यामुळे नेमकं काय झालं ते शोधता येतं. पण त्यासाठी काकांनी तिथेच थांबायला हवं होतं. निवडणूक नियमांतल्या ४९पी (49P) या नियमाने त्यांना मत देण्याचा हक्क होता. केंद्राध्यक्षाच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली की नमुना १७ब (17B) वर सही घेऊन कागदी मतपत्रिका द्यावीच लागते. तिला प्रदत्त मत म्हणतात, लोक टेंडर वोट म्हणतात. ती लिफाफ्यात वेगळी जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. मग उपयोग काय, असं लोक चिडून विचारतात. उपयोग असा की त्या केंद्रावर तोतयेगिरी झाल्याचा तो सरकारी पुरावा होतो. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याच जिल्ह्यात २०२४ ला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. एवढ्या फरकात प्रत्येक लिफाफ्याला वजन येतं. शिवाय एकाच केंद्रावर पाच-सात जणांनी १७ब वर सही केली, तर निरीक्षकाला तिकडे पाहावंच लागतं. सगळे गुपचूप घरी गेले तर कागदोपत्री मतदान शांततेत पार पडलेलं असतं.

व्हॉट्सअॅपवर दर निवडणुकीला एक संदेश फिरतो, तो इथेच खोडून काढते. 'यादीत नाव नसेल तर आधार दाखवून कलम ४९अ खाली चॅलेंज वोट मागा, आणि १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर वोट पडले तर फेरमतदान होतं.' दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. यादीत नाव नसेल तर केंद्राध्यक्ष मत देऊच देऊ शकत नाही, त्याने कितीही मनात आणलं तरी. या संदेशावर विसंबून लोक महिनाभर आधी यादी पाहत नाहीत आणि मतदानाच्या दिवशी आमच्याशी भांडतात. खोट्या बातमीने खरं मत बुडतं ते असं.

पूर्वीसारखं केंद्र ताब्यात घेऊन शिक्के मारत सुटणं आता अवघड झालं आहे. प्रत्येक मताला अधिकाऱ्याला कंट्रोल युनिटचं बटण दाबावं लागतं आणि गडबड झाली तर केंद्राध्यक्ष मशीन बंद करू शकतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३५अ खाली शिक्षाही कडक आहे, सरकारी कर्मचारी सामील असेल तर तीन ते पाच वर्षं. त्याऐवजी जपायचं ते शेवटच्या तासाला आणि सोबत्याच्या नावाखाली होणाऱ्या प्रकारांना. अंध किंवा अपंग मतदाराला सोबती नेता येतो, पण एका सोबत्याने दिवसभरात एकाच मतदाराबरोबर जायचं असतं आणि तसं लिहून द्यायचं असतं. एकच कार्यकर्ता चौथ्या आजीला हाताला धरून आत नेतोय आणि कुणी हटकत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. हटका.

पैसेवाटपावर फार लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर फोटो टाकला की शंभर मिनिटांत कारवाई करायचं बंधन यंत्रणेवर आहे, ते वापरा. त्यातला एक प्रकार मात्र लोकांना पुरेसा माहीत नाही: पैसे मत देण्यासाठी नाही, मत न देण्यासाठी वाटले जातात. आदल्या रात्री वस्तीत जायचं, ओळखपत्रं जमा करायची आणि बोटाला शाई लावून टाकायची. डाव्या तर्जनीवर आधीच शाई दिसली तर नियमाने त्या माणसाला मतदान करू देता येत नाही. तोही बिचारा तक्रार करत नाही, कारण त्याने पैसे घेतलेले असतात.

इथून आपण मत अडवण्याच्या बाजूला येतो. खोटं मत पडलं तर नोंदवहीत सही राहते, यादीवर खूण राहते, कुणी ना कुणी पाहिलेलं असतं. जे मत पडूच दिलं नाही त्याचं काहीच राहत नाही. टक्केवारी थोडी घसरते आणि वर्तमानपत्र लिहितं, शहरी मतदार उदासीन. म्हणून मी प्रशिक्षणात या भागाला जास्त वेळ देते.

मत अडवायला दर वेळी गुंड लागत नाहीत. सुरगाणा-पेठहून द्राक्षबागांच्या कामाला निफाड-दिंडोरीत आलेली कुटुंबं घ्या. नाव पाड्यावर, मुक्काम बागेत. मालकाने दिवस मोडू दिला नाही तर चार मतं गेली. वास्तविक मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा १९५१ च्याच कायद्यातल्या कलम १३५ब चा हक्क आहे आणि तो रोजंदारीवरच्या मजुरालाही लागू होतो. पण ती न देणाऱ्या मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंतच आहे, आणि मजुराला हा हक्क माहीतच नसतो. एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांचंही तेच. सुट्टी दिली नाही तर लेखी मागा, निदान मेसेज तरी करा.

दुसरा मार्ग यादीतून नाव काढण्याचा. नमुना ७ भरून त्या मतदारसंघातला कुणीही मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो. सोय चांगल्यासाठी आहे, मयत नावं निघावीत म्हणून. पण कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी ६,०१८ नावं काढण्याचे ऑनलाइन अर्ज आले, आणि तपासात त्यांतले फक्त २४ खरे निघाले. तिथे तपास झाला म्हणून नावं वाचली. बिहारमध्ये २०२५ ला मतदार यादीच्या विशेष पुनरीक्षणात, म्हणजे फेरतपासणीत, प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली, तेव्हा ती नावं कारणांसह जाहीर करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्ट २०२५ ला द्यावा लागला. बाहेर राहिलेल्यांत मयत किती, स्थलांतरित किती आणि हक्काचे मतदार किती, हे कारणं कळल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. यादी स्वच्छ हवी हे माझंही म्हणणं. पण घाईने केलेली स्वच्छता गरिबाच्या दारापासून सुरू होते, कारण त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो आणि नोटीस आली तेव्हा तो कामावर असतो. कायदा इथे मतदाराच्या बाजूने आहे. राहत नाही किंवा पात्र नाही म्हणून नाव काढायचं तर आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि १९९५ च्या लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठासून सांगितलं आहे.

तर आजींचं नेमकं काय झालं? ते मला इथून सांगता येणार नाही, पण शोधायचा क्रम सांगते. आधी नावाने शोधू नका, मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. केंद्रांची फेररचना झाली की नाव दुसऱ्या भागात जातं, शाळाही बदलते आणि माणूस जुन्याच केंद्रावर जाऊन परत येतो. नावाचं स्पेलिंग बिघडलं तरी तेच. तिथे सापडलं तर काम नमुना ८ वर, म्हणजे दुरुस्तीच्या अर्जावर, भागेल. क्रमांकानेही नाव नसेल तर ते वगळलेलं आहे. आजोबा वारलेले असतील तर त्यांच्याऐवजी चुकून आजींनाच मयत दाखवलं का, हे बीएलओला विचारा. हे मी पाहिलेलं आहे, एकाच आडनावाच्या दोन ओळींत असं होतं. तसं नसेल तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन विचारा: नाव कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने काढलं, नमुना ७ कुणी भरला आणि नोटीस कोणत्या पत्त्यावर दिली. अर्जाची पोच घ्या. आदेश चुकीचा वाटला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथेही दाद नाही मिळाली तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. ही मुदत तुमच्या बाबतीत उलटून गेली असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून त्याच्यासोबत आजींचा नवा नमुना ६ ही भरून टाका. एकाची वाट पाहत दुसरं थांबवू नका, कारण उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर निकालापर्यंत यादीत काही घालता येत नाही आणि काढताही येत नाही.

महापालिकेच्या निवडणुकीसाठी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. तिथे विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडतात. नाव भलत्याच प्रभागात गेलं असेल तर प्रारूप प्रभाग यादीवर हरकतीच्या मुदतीतच ते दुरुस्त होतं. मुळात विधानसभेच्या यादीत नसलेलं नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही.

समोरच्या इमारतीच्या भाडेकरूंसाठी तुम्ही स्वतः नमुना ७ भरू शकता, पण ते गेले याची तुमची खात्री असेल तरच, कारण खोट्या अर्जाची शिक्षा अर्जदारालाही आहे. माझ्या मते त्याहून चांगलं म्हणजे सोसायटीच्या सचिवाने बीएलओला बसवून घेऊन यादी फ्लॅटप्रमाणे वाचावी. तासाभराचं काम आहे, आणि ते आचारसंहिता लागायच्या खूप आधी करायचं. पुढच्या मतदानाला जवळच्या पक्षाकडे जाऊन मतदान प्रतिनिधी म्हणून बसायची तयारी दाखवा. तुमच्या वस्तीतले चेहरे तुम्हाला माहीत आहेत, ते ज्ञान त्या बाकावर हवं आहे.

आजींचं वय ८५ च्या पुढे असेल तर नाव लागल्यावर नमुना १२ड भरून त्यांना लोकसभा-विधानसभेला घरूनच मत देता येईल, अर्ज मात्र निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. उद्या ओळखपत्राच्या क्रमांकाने त्यांचं नाव शोधा आणि काय निघालं ते इथे लिहा. वगळल्याचं कारण कळलं की पुढचा अर्ज कसा लिहायचा ते सांगते.